पेन्शनच्या हिशेबात विसरलेला हातचा

मार्च २०२३ मधला तो आठवडा आठवतो? जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा संप १४ तारखेला सुरू झाला, २० तारखेला मिटला. परीक्षा तोंडावर, शाळेला कुलूप, आणि तहसील कचेरीसमोर 'एकच मिशन, जुनी पेन्शन' लिहिलेल्या टोप्या घालून बसलेले गुरुजी. मला तेव्हा निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. १९८४ ला जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, २०१९ ला सुटले. माझी पेन्शन जुनीच, म्हणजे तो संप माझ्यासाठी नव्हता. तरी दारावरून जाणारा प्रत्येक जण मलाच गाठायचा.

"बाई, तुम्हाला मिळते की पेन्शन, मग ही पोरं कशासाठी बसलीत?" हा पहिला प्रश्न. दुसरा जरा आडून यायचा: "तुमच्या पेन्शनीपायीच शाळांना पैसा उरत नाही म्हणतात, खरं का?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरं ओट्यावर उभ्या उभ्या देता येत नाहीत. म्हणून सगळा हिशेब एकदाच मांडते. पस्तीस वर्षं तिसरी-चौथीला गणित शिकवलं. बेरीज चुकली की मी आधी हातचा बघायची. पोरं एककाची बेरीज बरोबर करतात आणि दशकात न्यायचा एक विसरतात. पेन्शनच्या वादात दोन्ही बाजूंचं नेमकं तेच होतं.

पेन्शन म्हणजे बक्षीस का?

आमच्याकडे सालगड्याचं साल ठरवताना रोख किती आणि धान्य किती हे आधीच बोललं जातं. वर्षाअखेरीस पोती देताना मालक 'मी दान केलं' असं म्हणत नाही. ते कामाचंच असतं, फक्त उशिरा मिळतं. सरकारी पेन्शन अशीच, उशिरा दिलेला पगार. हे मी पेन्शनर आहे म्हणून सांगत नाही. १७ डिसेंबर १९८२ च्या नाकरा खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं आहे: पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची खिरापत नाही, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड त्या घटनापीठाचे प्रमुख होते. १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात तो यामुळे.

पण त्या निकालाने सगळं मिटलं असं नाही. मोबदला आहे हे मान्य केलं तरी तो किती आणि कोणत्या पद्धतीने द्यायचा, हे नव्या माणसाशी साल ठरवताना बदलता येतं. सरकारने तेच केलं.

जुनी कुठे संपते, नवी कुठे सुरू होते

केंद्राने १ जानेवारी २००४ पासून नव्या नोकरदारांना नवी पद्धत लावली, तेवढी सैन्यदलं सोडून. महाराष्ट्रात ती १ नोव्हेंबर २००५ पासून आली. ऑक्टोबरच्या ३१ तारखेला रुजू झालेला जुन्यात, दुसऱ्या दिवशीचा नव्यात. एकाच शाळेत, एकाच मस्टरवर सही करणाऱ्या दोघांची म्हातारपणं अशी वेगळी झाली. भरतीची जाहिरात आधीची आणि नेमणूक तारखेनंतरची, असे लोक तर अठरा वर्षं लोंबकळत होते. त्यांना फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने जुनी पेन्शन निवडायची मुभा मिळाली.

जुनीत शेवट ठरलेला असतो. पुरेशी नोकरी झाली की शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता, माझ्यामागे घरच्यांना कुटुंब निवृत्तीवेतन. पेन्शनसाठी माझ्या पगारातून कपात नव्हती. भविष्य निर्वाह निधीची कपात व्हायची, पण ती माझीच शिल्लक होती आणि व्याजासकट मला परत मिळाली.

नवीत फक्त सुरुवात ठरलेली आहे. राज्याने तिचं नाव आधी 'परिभाषित अंशदान' ठेवलं होतं. ते शब्द जड असले तरी प्रामाणिक आहेत: भरायचं किती ते ठरलं, मिळायचं किती ते नाही. पुढे ती राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजनेत मिसळली, जिला सगळे एनपीएस म्हणतात. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते, तिच्या १० टक्के कर्मचारी भरतो. सरकारही तेवढेच भरायचं, २०१९ पासून १४ टक्के भरतं. हा पैसा रोख्यांत आणि शेअरमध्ये गुंतवला जातो. निवृत्तीला साठलेल्या रकमेतली ६० टक्क्यांपर्यंत हातात मिळते. उरलेल्या किमान ४० टक्क्यांची वार्षिकी घ्यावी लागते, म्हणजे विमा कंपनीकडे एकदा रक्कम द्यायची आणि तिने मरेपर्यंत दरमहा ठरावीक पैसे द्यायचे.

आता शाब्दिक उदाहरण. आकडे मी सोयीसाठी धरलेत. एका शिक्षकाचं शेवटचं मूळ वेतन ८० हजार. जुनीत त्याला ४० हजार पेन्शन, वर महागाई भत्ता. नवीत समजा त्याचे ६० लाख साठले. ३६ लाख हातात आले, २४ लाखांची वार्षिकी घेतली. ६ टक्के दर धरला तर वर्षाचे १ लाख ४४ हजार, म्हणजे महिन्याला १२ हजार. मोर्च्यात लोक ४० विरुद्ध १२ एवढंच सांगतात, हातातले ३६ लाख सांगत नाहीत. हा पहिला विसरलेला हातचा, आणि तो आमच्या बाजूचा. सगळ्या ६० लाखांची वार्षिकी घेतली असती तर महिन्याला ३० हजार आले असते.

तरीही ४० आणि ३० सारखे होत नाहीत, आणि त्याचं कारण आकड्यात दिसत नाही. महागाई वाढली की माझ्या पेन्शनीवरचा भत्ता वाढतो. साधी वार्षिकी आहे तिथेच थांबते. दरसाल ६ टक्के महागाई धरली तर बारा वर्षांत भाव दुप्पट होतात. साठीच्या आसपास सुरू झालेले ३० हजार सत्तरी ओलांडेपर्यंत १५ हजारांच्या मोलाचे होतात, आणि औषधाचा खर्च सुरू होतो तो तिथूनच.

म्हणजे भांडण रकमेपेक्षा जोखमीचं आहे. बाजार पडला, व्याजदर उतरले, माणूस नव्वद वर्षं जगला, तर तो भार कुणी उचलायचा? जुनीत सरकारने. नवीत त्या शिक्षकाने.

"पण बाजार वाढतोच की," असं माझा भाचा म्हणतो. वीस-तीस वर्षांच्या लांब पल्ल्यात वाढत आला आहे, कबूल. पण निवृत्तीची तारीख बाजार बघून ठरत नाही. ती जन्मतारखेवरून ठरते. अठ्ठावन्न पूर्ण झाली की त्या महिन्यात जो भाव असेल तो. आणि बाजाराचा फायदा मिळायला पैसा वेळेवर बाजारात जावा लागतो. नव्या योजनेच्या पहिल्या काही वर्षांत कपात व्हायची, पण हिशेबाची चिठ्ठी मिळायची नाही. आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी चार वर्षं तालुक्याला खेटे घातले. शेवटी चिठ्ठी आली तर त्यात दोन वर्षं कोरी. त्या पैशावर व्याज कोण देणार हे विचारायला ते पुन्हा गेले, तर टेबलावरचा माणूस बदललेला.

सरकारचा हातचा

१ नोव्हेंबर २००५ ला सरकारचा खर्च कमी झाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. उलट वाढला. माझ्यासारख्या जुन्यांची पेन्शन द्यायची होतीच, आता नव्यांच्या खात्यात दरमहा आपला वाटाही भरायचा होता. वेगळं झालेल्या घरात दोन चुली पेटतात तसं. जुनी चूल विझायला तीसचाळीस वर्षं लागतात. पंचविशीत २००५ ला लागलेला शिक्षक २०३८ ला निवृत्त होईल. सरकारची खरी बचत दिसायला लागेल ती त्याच्याही पुढे.

आता हेच उलटं करून बघा. एखाद्या सरकारने आज जाहीर केलं की जुनी पेन्शन परत, तर लगेच काय होतं? सरकारने भरायचे १४ टक्के थांबतात. तिजोरीत या वर्षी चार पैसे उरतात, टाळ्या या वर्षी मिळतात, मतं पुढच्या निवडणुकीत. खरं बिल येतं पंधरावीस वर्षांनी, तेव्हा घोषणा करणारा कुठे असेल कुणास ठाऊक. हा दुसरा विसरलेला हातचा. रिझर्व्ह बँकेने राज्यांना सावध केलं ते याच मुद्द्यावर.

राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश या राज्यांनी २०२२-२३ च्या सुमारास जुनीकडे परत जायचं ठरवलं. त्यांनी एनपीएसमध्ये साठलेला पैसा परत मागितला, तेव्हा केंद्राने सांगितलं की कायद्यात तशी तरतूद नाही.

आपल्याकडे डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात तेव्हाचे अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा भार पडेल असं सांगितलं. तीन महिन्यांनी संप झाला, जुन्या-नव्या पेन्शनचा अभ्यास करायला सुबोध कुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघांचे सात आमदार असतात आणि तिथली निवडणूक 'पेन्शन' या एका शब्दावर फिरू शकते, हे सगळ्याच पक्षांना तोवर उमगलं होतं. विरोधात असताना जुनी पेन्शन सोपी वाटते आणि सत्तेत आल्यावर अवघड, हे मी कुठल्याही एका पक्षाबद्दल म्हणत नाही.

शाळेचा पैसा येतो कुठून

दुसऱ्या प्रश्नाकडे येते, माझी पेन्शन शाळेचा पैसा खाते का.

राज्याच्या अंदाजपत्रकात प्रत्येक खर्चाला एक क्रमांक असतो, त्याला लेखाशीर्ष म्हणतात. घरात किराण्याची, दवाखान्याची, लग्नकार्याची पाकिटं वेगळी ठेवतात तसं. सर्वसाधारण शिक्षणाचं पाकीट २२०२. पेन्शनचं २०७१. माझी पेन्शन या दुसऱ्या पाकिटातून येते, आणि त्यात पोलीस, महसूल, आरोग्य सगळ्यांच्या पेन्शनी आहेत. म्हणजे 'शिक्षणावर इतका खर्च' असं जे छापून येतं, त्यातून माझी पेन्शन जात नाही.

मात्र पाकिटं वेगळी असली तरी पगार एकच. वेतन, पेन्शन आणि कर्जावरचं व्याज हा बांधील खर्च आहे, टाळता न येणारा. राज्याच्या महसुलातला निम्म्याहून जास्त वाटा त्यातच जातो. उरलेल्यात रस्ते, धरणं, योजना, आणि शाळेचं छत. म्हणून 'पेन्शनचा आणि शाळेचा काही संबंध नाही' असं आमच्या संघटनेची मंडळी छातीठोक सांगतात, ते मला पटत नाही.

आता २२०२ च्या पाकिटात बघा. त्यातला बहुतेक पैसा शिक्षकांच्या पगाराचा. पगार झाल्यावर शाळा चालवायला काय राहतं? समग्र शिक्षा योजनेत, जिच्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असतात, शाळेला वर्षाचं एक संयुक्त अनुदान मिळतं. पट ३० पर्यंत असेल तर १० हजार. ३० च्या वर १०० पर्यंत २५ हजार. अडीचशेपर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार.

वाडीवरच्या वीस पोरांच्या शाळेला वर्षाला १० हजार. महिन्याचे ८३३ रुपये. त्यात खडू, झाडू, वीजबिल, पाण्याची टाकी धुणं, नळाची तोटी, स्वच्छतागृहाची कडी, कागद, झेरॉक्स. हे पैसेसुद्धा जूनमध्ये मिळत नाहीत. बहुतेकदा मार्चएंडला येतात आणि 'आठ दिवसांत खर्च करून प्रमाणपत्र द्या' असा निरोप त्याच दिवशी येतो. आमच्या शाळेची वीज एकदा बिल थकलं म्हणून तोडली होती. डिजिटल शाळेचा टीव्ही लोकवर्गणीतून घेतलेला, भिंतीवर टांगलेला, आणि वीज नाही. बिल मी आणि जोडीदार गुरुजींनी निम्मंनिम्मं भरलं. यात मोठेपणा नाही, राज्यातल्या कित्येक शाळांत कुणी ना कुणी हेच करतं. पण असं चालत राहतं म्हणूनच वरच्यांना ते कळत नाही.

'पेन्शन वाचवली तर शाळा सुधारतील'

हे ऐकायला बरोबर वाटतं. पण याची परीक्षा होऊन गेली आहे, एवढंच. २००५ पासून नव्या शिक्षकाला जुनी पेन्शन नाही. मग गेल्या वीस वर्षांत तो पैसा शाळेत आला का?

पेन्शनच काय, पगारही वाचवून झाला. २००० साली शिक्षणसेवक योजना आली, पहिली तीन वर्षं पगाराऐवजी मानधन, प्राथमिकला ३ हजार. पुढे ते ६ हजार झालं, आणि २०२३ मध्ये १६ हजार. २००१ मध्ये शाळांना परवानगी देताना 'कायम विनाअनुदानित' हा शब्द आला. त्यातला 'कायम' २००९ मध्ये निघाला, मग अनुदान वीस, चाळीस, साठ टक्के अशा पायऱ्यांनी. तिथले शिक्षक कित्येक वर्षं बिनपगारी शिकवत होते. त्यांच्यापैकी जे २००५ च्या आधी लागले, पण ज्यांच्या शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालं, त्यांना जुनी पेन्शन नाकारली गेली आणि ते कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. २०१२ पासून बरीच वर्षं भरतीच जवळपास थांबली होती. शिक्षक भरतीच्या 'पवित्र' या सरकारी पोर्टलवरून नेमणुका झाल्या त्या २०१९ आणि २०२४ च्या सुमारास.

इतकी सगळी बचत करूनही लहान पटाच्या शाळा गुंडाळून समूह शाळा करण्याचं परिपत्रक सप्टेंबर २०२३ मध्ये निघालंच. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं होतं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा. २०२० च्या धोरणातही ६ टक्केच लिहिलंय. देश अजून तिथे पोचलेला नाही, आणि माझ्यासारख्यांच्या पेन्शनमुळे अडलंय असं मला वाटत नाही. तो पैसा शाळेला द्यायचाच असं कुणी कधी ठरवलं नव्हतं.

'शेतकऱ्याला कोण देतं पेन्शन?'

या प्रश्नासमोर मी गप्प होते. आमच्या गल्लीतल्या एका आजींना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार मिळतात. आयुष्यभर त्यांनी माझ्यापेक्षा जास्त राबलंय. नोकरीच्या अटी, उशिरा दिलेला पगार, हे सगळं त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नाही. त्यांनीही माझा पगार विक्रीकराच्या रूपाने भरलाय, साखर आणि काड्यापेटी घेताना.

एवढं मात्र म्हणेन. माझी पेन्शन कापली तर ती रक्कम त्या आजींकडे जाणार आहे का? केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाला केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये आहे. तो वाढवायला माझी पेन्शन आड आली नाही. आणि एकदा विधानसभेवर निवडून आलेल्या माजी आमदाराला दरमहा ५० हजार मिळतात, त्या वेळी बाजाराची जोखीम कुणी काढत नाही. मोर्च्यातल्या पोरांना सर्वात जास्त झोंबतं ते हेच, आणि त्यांचं चुकत नाही.

'आता मधला मार्ग निघाला, मग कशाला ओढताण?'

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तीवेतन योजना, म्हणजे यूपीएस जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. २५ वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, वर महागाई. १० वर्षं झाली तर किमान १० हजार. मृत्यूनंतर जोडीदाराला त्या पेन्शनच्या ६० टक्के.

मला ही दिशा बरी वाटते, आणि हे बोलल्यामुळे माझ्याच बिरादरीतले काही जण माझ्याशी तुटक वागतात. यात शेवट पुन्हा ठरलेला आहे आणि पैसाही आधीपासून बाजूला पडतो. जुनीत तो पडतच नव्हता. आजची पेन्शन आजच्या करातून, उद्याची उद्याच्या.

पण २५ वर्षांची अट वाचली की माझं बोट तिथेच अडकतं. भरती थांबली त्या काळात डीएड होऊन बसलेली पोरं पस्तिशी-अडतिशीत नोकरीला लागली. अडतिसाव्या वर्षी लागलेला माणूस अठ्ठावन्नला निवृत्त होताना फक्त वीस वर्षं भरतो. त्याची पेन्शन त्या प्रमाणात कापली जाणार. उशीर भरतीला झाला, वजावट त्याच्या म्हातारपणी. शिवाय एनपीएसमध्ये ६० टक्के रक्कम हातात यायची, जुनीत निर्वाह निधी परत मिळायचा. इथे स्वतःचे १० टक्के भरूनही हातात येणारी एकरकमी रक्कम बरीच लहान. म्हणून केंद्रातही हा पर्याय अपेक्षेपेक्षा फार कमी लोकांनी घेतला. माझं म्हणणं इतकंच की पंचवीसची अट वीसवर आणा, आणि पेन्शनची कुठलीही घोषणा करताना पुढच्या तीस वर्षांचा खर्च सभागृहात मांडायची सक्ती करा. संयुक्त अनुदानही दरसाल महागाईप्रमाणे वाढायला हवं. भत्ता माझा वाढतो, खडूचा का नाही?

ज्यांची कपात चालू आहे त्यांच्यासाठी

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाते तेव्हा जुने विद्यार्थी भेटतात, त्यातले दोघंतिघं आता शिक्षक आहेत. त्यांना सांगते तेच इथे लिहिते. तुमच्या खात्याचा उतारा काढा आणि पगारपत्रक शेजारी ठेवून महिन्यागणिक ताळा करा, तुमचे १० टक्के आणि सरकारचा वाटा दोन्ही. वारसाचं नाव बघा, लग्नाआधी लावलेलं आईचं नाव तसंच राहिलेलं असतं. नोकरीत असताना मृत्यू आला तर एनपीएसवाल्यांच्या घरच्यांनाही २०२३ पासून कुटुंब निवृत्तीवेतनाचा पर्याय आहे, तो घरी कुणाला तरी सांगून ठेवा. पर्याय निवडायचा फॉर्म आला तर स्टाफरूममध्ये दुसऱ्याचा बघून भरू नका, तुमची सेवा किती वर्षं होणार ते आधी मोजा. आणि ज्या महिन्याची रक्कम उताऱ्यात दिसत नाही, त्याचा अर्ज तोंडी नको, लेखी द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या.